कोंबडीच्या लसीवरचा ‘कोरोना’ आणि माणसाचा कोविड

पोल्ट्रीच्या लसीच्या बाटलीचे छायाचित्र दाखवून तीन दावे करणारा एक संदेश २०२० पासून फिरतो आहे: कोविड कोंबड्यांतून आला, त्यावरची लस आधीपासून असूनही ती दडवली गेली आणि चिकन-अंडी खाल्ल्याने हा आजार होतो.

बाटलीवरचा ‘कोरोना’ हा शब्द खरा आहे. पोल्ट्रीवाले ज्याला ‘आयबी’ म्हणतात तो इन्फेक्शस ब्राँकायटिस हा कोंबड्यांचा श्वसनरोग कोरोना विषाणूमुळेच होतो आणि त्याची पहिली नोंद १९३१ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ डकोटात झाली. मात्र कोरोना हे एका विषाणूचे नसून संपूर्ण कुळाचे नाव आहे. आयबीचा विषाणू त्यातील गॅमा गटातला, तर कोविडचा बीटा गटातला आहे. चीनमधील हार्बिन येथील संशोधकांनी २०२० मध्ये कोविडचा विषाणू कोंबड्या, बदके, मांजरे आणि फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी) यांना मुद्दाम दिला, तेव्हा तो मांजरांत व फेरेटमध्ये वाढला, परंतु कोंबड्या-बदकांत रुजला नाही.

लस दडवल्याचा आरोप तर कोंबड्यांच्या शेडमध्ये एक दिवस काढला तरी टिकत नाही. आयबीची लस कित्येक दशके उघडपणे विकली जाते. पिल्लांना ती डोळ्यात थेंब टाकून देतात, किंवा त्यांना थोडा वेळ तहानलेले ठेवून, क्लोरीन नसलेल्या पाण्यात दूध पावडर घालून त्यातून पाजतात. पुष्कळदा मानमोडी (राणीखेत) या कोंबड्यांच्या दुसऱ्या रोगाची लसही तिच्यासोबतच असते. एवढे करूनही आयबी आटोक्यात ठेवणे अवघड जाते, कारण या विषाणूचे अनेक प्रकार आहेत आणि एका प्रकाराची लस दुसऱ्यापासून पुरेसे संरक्षण देईलच असे नाही. मग लस दिलेल्या कळपातही घरघर सुरू होते, अंडी घटतात, कवच सुरकुतते आणि पांढरा बलक पाण्यासारखा पातळ होतो. कोंबडीच्याच विषाणूच्या दुसऱ्या प्रकारापुढे जी लस तोकडी पडते, ती वेगळ्या गटातल्या, माणसाच्या विषाणूवर चालेल असे मानायला आधार कोणता?

खाण्याविषयीचा दावा थोडक्यात निकालात निघतो. आयबी माणसाला होत नाही, कोविड कोंबडीला होत नाही आणि आपल्याकडे चिकन नीट शिजवल्याशिवाय ताटात येत नाही. तरीही या अफवेने २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीचा भाव उत्पादन खर्चाच्या कितीतरी खाली गेला आणि काही शेतकऱ्यांनी हातचे पक्षी फुकट वाटले, काहींनी पुरले. या नुकसानीबद्दल तो संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी कोणी चकार शब्द काढत नाही, याचा मला मनापासून संताप येतो.

पक्ष्यांतील कोरोना विषाणू कधीच हद्द ओलांडत नाहीत, असा उलटा दावाही करू नये. पक्ष्यांत सापडणाऱ्या डेल्टा गटातील (कोविडचा ‘डेल्टा’ प्रकार नव्हे) एक विषाणू डुकरांत स्थिरावला आहे आणि हैतीमधील तीन मुलांतही तो आढळल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पण तो गट वेगळा आहे, आणि बाटलीवरच्या आयबीशी किंवा कोविडशी त्याची सांगड घालता येत नाही.