टी-रेक्स ‘केवळ’ मढी खात होता काय?

टायरॅनोसॉरस रेक्स (टी-रेक्स) हा डायनासोर शिकारी नव्हताच, तो केवळ मेलेल्या जनावरांवर जगत असे, असा संदेश आठवडाभर आमच्या ठाण्यातील सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर फिरतो आहे. आखूड हात, बारीक डोळे, मंद चाल आणि तीक्ष्ण नाक ही त्यातील चार कारणे. १९९० च्या दशकात अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ जॅक हॉर्नर यांनी ही बाजू हिरिरीने मांडली होती, त्यामुळे ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण ती टिकत नाही.

हातांचा मुद्दा सर्वांत लंगडा आहे. ताडोबातले रानकुत्रे चितळाला जबड्यानेच धरतात, आणि हाडे फोडणारा जबडा असलेल्या प्राण्याचे हातांवाचून अडत नसावे. डोळे कवटीच्या मानाने लहान दिसले, तरी ते समोर वळलेले होते आणि दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी दिसणारा भाग सुमारे ५५ अंशांचा होता, असे संशोधक केंट स्टीव्हन्स यांनी २००६ मध्ये दाखवले. तीक्ष्ण नाक तर लांडग्यालाही असते.

चालीबाबत संदेश अर्धा बरोबर आहे, कारण एवढ्या वजनाला धावणे झेपले नसते, असे काही संगणकीय अभ्यास सांगतात. पण समोरचा ट्रायसेराटॉप्स हा तीन शिंगांचा अवजड डायनासोरही हरीण नव्हता. शिवाय ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातला बिबट्या कुत्र्यामागे मैलभर धावत नाही, तो दबा धरतो.

खरा निकाल लागतो तो एका शेपटीवर. अमेरिकेतील साउथ डाकोटा येथे सापडलेल्या आणि २०१३ मध्ये वर्णिलेल्या एका बदकचोच्या डायनासोरच्या शेपटीच्या दोन मणक्यांत टी-रेक्सचा तुटलेला दात रुतून बसला आहे, आणि त्याच्याभोवती नवे हाड वाढून ते दोन्ही मणके एकमेकांना सांधले गेले आहेत. मढ्याचे हाड भरून येत नाही. म्हणजे तो प्राणी चावा घेतला तेव्हा जिवंत होता, निसटला आणि पुढेही बराच काळ जगला.

टी-रेक्सने आयते मांस सोडले असेल, असे मात्र मी म्हणत नाही. ठाणे खाडीकाठची घार मासळीचा टाकाऊ भागही उचलते आणि उंदीरही मारते. माझा आक्षेप संदेशातल्या ‘केवळ’ या एका शब्दाला आहे.