‘सोप्पं आहे भावा’ म्हणणाऱ्यांनो, आधी ‘कृष्णाई’ कोरून दाखवा

तीन आठवडे झाले, डोकं उठलंय नुसतं. ज्याला विचारावं तो एकच सांगतो, "सोप्पं आहे भावा, डिझाईन टाकायचं, मशीन कापतंय." सोप्पं नाही. अजिबात नाही. आणि ज्यांना हे माहीत आहे तेच हे सांगत नाहीत, याचा जास्त संताप येतो.

मशीन म्हणजे लाकूड कोरायचं, कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी. छोटंच आहे. ३०१८ म्हणतात ते, ३०० बाय १८० मिलिमीटरचं टेबल. आक्काच्या नव्या घरासाठी सागवानात ‘कृष्णाई’ एवढं नाव कोरायचं होतं. विकणारा पैसे घेईपर्यंत फोनवर गोड गोड बोलत होता. मशीन जोडलं, कॉम्प्युटरला पोर्टच दिसेना, तर "ड्रायव्हर टाका साहेब" म्हणून फोन ठेवला. कुठला ड्रायव्हर? बोर्डावरच्या यूएसबीच्या चिपचा, सीएच३४० चा. ही एक ओळ कागदावर छापून खोक्यात टाकायला काय जात होतं? माझ्या दोन रात्री गेल्या त्यात.

बरं, ही तीन वेगळी कामं आहेत हे तरी कुणी सांगावं! चित्र काढायचं एक. त्या चित्रावरून टूल, म्हणजे कापायचं पातं, कुठनं जाणार, किती खोल, किती फीडनं, म्हणजे किती वेगानं सरकत, ते ठरवून जी-कोड, म्हणजे मशीनला कळणारे हुकूम, काढायचा, हे दुसरं. आणि तो कोड मशीनला ओळीओळीनं पाठवायचा, हे तिसरं. कट बिघडला की तिघांतलं कुठलं चुकलं ते शोधत बसा. एका मोठ्या कंपनीचं फुकटातलं सॉफ्टवेअर घेतलं, तर त्यात एका वेळी दहाच फाईल उघड्या ठेवून काम करता येतं. शिवाय टूल वर उचलून नुसतं इकडून तिकडं न्यायचं असलं तरी ते कापायच्याच चालीनं सरकतं. मशीनला जमत नाही म्हणून नव्हे, मुद्दाम तसं केलंय. व्हिडिओ बघावेत तर सगळे इंचात. माझी सहा इंचांची पाटी मशीननं सहा मिलिमीटरांत कोरली. चांगल्या सागवानावर एक काळा ठिपका!

शेवटी इथंच कोल्हापुरात, उद्यमनगरात मामांकडं गेलो. व्हीएमसीवर, म्हणजे कारखान्यातल्या मोठ्या सीएनसी मशीनवर, हयात गेली त्यांची. घरी आले, बघितलं, म्हणाले, "झिरो कुठं घेतलायस? आणि जॉब हालतोय की, आधी क्लॅम्प कर. फीड निम्मा कर." झिरो म्हणजे मशीन जिथनं मोजायला लागतं ती जागा, जॉब म्हणजे कोरायचं लाकूड. दहा मिनिटांत मशीन सुतासारखं सरळ. ज्या गावात ऑईल इंजिनं बनली, जिथं शिरोली आणि गोकुळ शिरगावात रोज हजारो जॉब सेट होतात, तिथल्या पोरानं झिरो घ्यायला परदेशातल्या व्हिडिओतून शिकायचं? मराठीत चार पानं कुणाला लिहावीशी वाटली नाहीत?

पण खरा वैताग पुढंच होता. देवनागरी! डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कृष्णाई’ टाईप केलं, तर ‘ष’चा पाय मोडला, ‘ण’ लांब जाऊन बसला. फाँट बदलून बदलून थकलो. मग इंकस्केप नावाच्या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव लिहून अक्षरांचे आकार करून घेतले. पडद्यावर देखणं दिसत होतं. कापायला लावलं तर शिरोरेषेत जागोजागी आडवे छेद. का, तर फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी असते आणि शेजारचीवर थोडी चढलेली असते. छापताना ते दिसत नाही. टूल मात्र प्रत्येक तुकड्याच्या कडेनं जातं आणि अखंड रेषेच्या पोटात चिरा पाडतं. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, त्यामुळं त्या व्हिडिओवाल्यांना हे कधी दिसतच नाही. मामांना हे माहीत असायचं कारण नाही. विकणाऱ्याला विचारलं, तर म्हणतो, "इंग्लिशमध्ये करा ना साहेब." आक्काच्या दारावरचं नाव इंग्रजीत करू? का म्हणून?

उत्तर कुठं मिळालं? गाडीवर नावं चिकटवणाऱ्या रेडियमवाल्याकडं. गल्लीच्या तोंडाला दुकान. मी लाकूड दाखवलं, त्यानं मान वर न करता सांगितलं, "वेल्ड मारलं नाहीस व्हय? कोरलमध्ये सगळी अक्षरं धरायची नि वेल्ड मारायचं. आम्ही रोज मारतोय." कोरल हे त्यांचं डिझाईनचं सॉफ्टवेअर, आणि वेल्ड म्हणजे एकमेकांवर चढलेले आकार जोडून एकच आकार करायचा. इंकस्केपमध्ये त्यालाच युनियन म्हणतात. एक क्लिक. एका क्लिकसाठी सागवानाच्या तीन फळ्या आणि वीस दिवस!

त्या पोराला माहीत होतं, मामांना त्यांच्या बाजूचं माहीत होतं, आणि ज्यानं पैसे मोजून घेतले त्याला दोन्ही माहीत नव्हतं, तरी "सोप्पं आहे" म्हणायला तोच पुढं. परवा शेजारच्या पोरानं विचारलं, असलंच मशीन घेऊ का म्हणून. त्याला सांगितलंय, विकणाऱ्याला म्हण, माझ्यासमोर ‘ज्योतिर्लिंग’ कोरून दाखव, रफारासकट. मग पैशाचं बोलू.