आधी हात तरी धुवा!

बाळंतिणीच्या खोलीत शिरायचं ते मोबाईल उगारूनच! हात धुणं नाही, लेकीची विचारपूस नाही. नातवाचा आत्ता कुठे डोळा लागलाय. एवढंसं बाळ दिवसाचे १६-१७ तास झोपणारच. तर कुणीतरी गाल टोचून म्हणतं, "इकडे बघ रे, कॅमेऱ्यात!" अहो, त्याला जेमतेम वीत-दीड वीत अंतरावरचं दिसतं! मग टोपडं काढा, दुपटं सोडा, मानेखाली हात न धरता या मांडीवरून त्या मांडीवर. लेक टाक्यांनी कळवळतेय, तिला म्हणे, "जरा हस ना!" आणि घरी पोचायच्या आत फोटो स्टेटसला, कुणालाही न विचारता. तिने स्वतः अजून एकही टाकलेला नाही! आता दारातच मोबाईल काढून घेणार, मग व्याही रुसोत नाहीतर विहीणबाई.