पहिला ओपन-बॅक हेडफोन घ्यायचाय? आधी घरातला एक शांत तास शोधा

परवा भाच्याचा फोन आला. "मावशी, पंधरा हजार साठवलेत. मोठा, पूर्ण कान झाकणारा ओपन-बॅक घ्यायचाय. तू नुसतं नाव सांग, आजच मागवतो." मी विचारलं, "ऐकणार कुठं बसून?" म्हणाला, "रूमवर, आणि कुठं?" रूम म्हणजे विद्यापीठाजवळची, तिघांत मिळून घेतलेली. मी म्हटलं, "मग नको घेऊस." लेकरू नाराज झालं. फोनवर धड समजावता आलं नाही, आणि गेल्या वर्षभरात हाच प्रश्न आणखी चार-पाच जणांनी विचारलाय, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

हेडफोनच्या आतला पडदा पुढंमागं हलतो. त्यामुळं आवाज कानाच्या बाजूला निघतो तसाच मागच्या बाजूलाही निघतो. नेहमीच्या बंद हेडफोनमध्ये हा मागचा आवाज वाटीत कोंडला जातो आणि त्यातला थोडा आपटून परत कानाकडं येतो. ओपन-बॅकला बाहेरून भिंतच नसते, जाळी असते. मागचा आवाज सरळ खोलीत निघून जातो. सेनहायझर कंपनीनं १९६८ साली पिवळ्या स्पंजाच्या गाद्यांचा एचडी ४१४ काढला, तिथपासून ही जात चालत आलीय. जाळी असल्यानं आवाज मोकळा येतो, डोक्यात दाटल्यासारखं होत नाही. पण त्याच जाळीतून तुमचं गाणं शेजारच्याला ऐकू जातं आणि शेजारच्याचं घोरणं तुम्हाला. बसमध्ये, ऑफिसात, तिघांच्या रूमवर हा हेडफोन चालत नाही. भाच्याला "नको" म्हटलं ते एवढ्यासाठीच.

माझ्या घरात मात्र हीच गळती मला हवी होती. आम्ही कोल्हापुरात गंगावेशीत राहतो. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, काठी घेऊन चालतात. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडं बंद हेडफोन होता. एका रात्री स्वयंपाकघर आवरून मी तो लावून बसले होते. त्यांनी पाण्यासाठी हाक मारली. किती वेळा मारली कोण जाणे. मला कळलं तेव्हा त्या स्वतः उठून, भिंत धरत धरत, दारात येऊन उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर तो हेडफोन घालायला मला धीर होईना. गाणं सुरू असलं तरी माझा अर्धा जीव त्यांच्या खोलीकडं लागलेला असायचा. ओपन-बॅकमध्ये त्यांची हाक ऐकू येते, दाराची कडी ऐकू येते, गॅसवरचं दूध वर यायला लागलं तर तेही कळतं. आजारी माणसाची सोबत करणाऱ्या, लहान मूल झोपवून बसलेल्या बाईसाठी ही फार मोठी गोष्ट आहे, आणि हेडफोनचं कौतुक करणाऱ्यांच्या तोंडून ती मी क्वचितच ऐकलीय.

घर ठरलं की वेळ ठरवा. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर, जिथं समोर धार काढून दूध देतात, म्हशी येतात, त्याच्या आधीचा पाऊण-एक तास माझा. पहाटे साडेचार ते साडेपाच. सहा वाजले की रस्त्यावर गाड्या, भांडी, हाका, आणि मग ओपन-बॅकमध्ये तंबोरा शोधावा लागतो. मे महिन्यात पंखा लावावा लागतो, तेव्हा पंख्याची घरघर सगळ्यात हळू स्वरांवर बसते. जुलैत पत्र्यावर पाऊस धरला की मी हेडफोन काढून ठेवते. गोंगाटात माणूस आवाज वाढवतो आणि त्यात कान जातात. ८५ डेसिबलला ८ तास ही कामगारांसाठी मानलेली मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २. शांत तास नसेल तर ओपन-बॅकवर एक रुपयाही घालू नका, असं मी स्पष्ट सांगेन.

आता माझं ऐकणं. कोल्हापूर गवई अल्लादियाखाँसाहेबांचं गाव. शाहू महाराजांच्या दरबारात ते होते, आणि त्या गायकीचं वेड इथल्या हवेतच आहे. १८८३ पासूनच्या देवल क्लबात मी लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून गाणं ऐकलंय. तिथं गायकाच्या मागं दोन तंबोरे असायचे आणि सगळी बैठक त्या झंकारात बसलेली असायची. तो झंकार मला कानात हवा होता. बंद हेडफोनमध्ये तंबोरा कपाळाच्या आत कुठंतरी वाजायचा. ओपन-बॅकमध्ये तो कानांच्या जरा बाहेर येतो, आणि जोडीच्या तारा एकमेकींत मिसळून जो गुंजारव उठतो तो विरत जाईपर्यंत ऐकू येतो. गायक समोर बसलाय असं मात्र होत नाही. ते स्पीकरचं काम, ती अपेक्षा ठेवू नका. खाँसाहेबांच्या शिष्या मोगूबाईंच्या, केसरबाईंच्या तीन-तीन मिनिटांच्या जुन्या तबकड्यांत डावं-उजवं वेगळं नसतंच, दोन्ही कानांत तोच आवाज. तिथं कुठलाही हेडफोन मैफल उभी करू शकणार नाही. पण सूर स्वच्छ लागतो. मला तेवढं पुरतं.

खर्जाचं थोडं बोलायला हवं. आपल्या गावात गणपतीत डॉल्बीपुढं उभं राहून छाती हादरवून घेतलेले कान आहेत. त्यांना ओपन-बॅक पहिल्या दिवशी पोकळ वाटतो. वाटी बंद नसल्यानं हवा कोंडत नाही, म्हणून नेहमीच्या ड्रायव्हरचे (ड्रायव्हर म्हणजे आतला आवाज काढणारा भाग) बहुतेक ओपन-बॅक साधारण ५०-६० हर्ट्झच्या खाली उतरत जातात. सिनेमातला गडगडाट, नव्या गाण्यांचा पोटात घुसणारा ठोका तिथं कमी होणार. पण हिशोब करून बघा: काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास येतो. म्हणजे आपल्या गाण्याला लागतं ते सगळं या रेषेच्या वर आहे. डग्ग्याची घुमक येते, मींड येते. ज्याला गडगडाटच हवा त्यानं प्लेनर जातीचे, म्हणजे सपाट पातळ पडद्याचे, बघावेत, त्यांचा खर्ज खालपर्यंत सरळ जातो. हायफायमॅनचा एचई ४०० एसई हा त्यातला आवाक्यातला. पण तो ३९० ग्रॅमचा आहे. माझा सेनहायझर एचडी ५६० एस २४० ग्रॅमचा. हा दीडशे ग्रॅमचा फरक कागदावर काहीच वाटत नाही, पण बडा ख्याल अर्ध्यावर येईपर्यंत मान सांगते.

ओहमच्या, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्या मापाच्या, बाबतीत माझी फसगत झाली, तीही सांगते. सगळ्यात आधी मी २५० ओहमचा एक हेडफोन मागवला होता, कौतुक वाचून. फोनच्या जॅकला लावला, आवाज पूर्ण वाढवला, तरी विलंबित आलाप कुजबुजल्यासारखा. फोन जुना, त्याच्याकडून अर्धा व्होल्ट निघतो असं धरा. अर्धा व्होल्ट २५० ओहमला १ मिलिवॅट देतो, तोच ३२ ओहमला जवळजवळ ८. परत पाठवला तर विकणाऱ्यानं पैसे कापून घेतले आणि वर महिनाभर फोनवर फोन करायला लावले. तेव्हापासून मी ओहमबरोबर संवेदनशीलताही बघते, म्हणजे ठराविक व्होल्टला हेडफोन किती मोठा वाजतो ते. ५६० एस १२० ओहमचा असूनही १ व्होल्टला ११० डेसिबल देतो, त्यामुळं फोनला लावायच्या बोटाएवढ्या टाइप-सी डोंगलवर मला ऐकायला हवा त्याहून मोठा वाजतो. उलट काही प्लेनर ओहमला कमी असतात, पण संवेदनशीलतेला मंद, त्यांना ताकद जास्त लागते. पहिल्या हेडफोनला वेगळा अॅम्प्लिफायर घ्यायला लागू नये असं माझं मत आहे. तेवढे पैसे ठेवा, दोन वर्षांनी गाद्या बदलायला लागतात.

गाद्यांचं सांगायचं कारण आपली हवा. पावसाळ्यात कोल्हापुरात कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते. मखमली गाद्या घाम पितात. ऐकून झालं की मी मऊ फडक्यानं पुसते आणि सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवते. म्हणून घेताना विचारा: गाद्या सुट्या मिळतात का? वायर निघते का? सेनहायझरच्या १९९७ च्या एचडी ६०० चं मला सगळ्यात कौतुक वाटतं ते यासाठी. गादी, वायर, पट्टी, सगळं सुटं होतं, बदलता येतं. पण तो ३०० ओहमचा, आणि किंमतही पहिल्यासाठी जास्त. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो पुष्कळ लोक सुचवतात. बांधणी दणकट, गाद्या सुंदर, पण वायर गुंडाळीची आणि न निघणारी, आणि वरचे स्वर चढे. हार्मोनियमच्या पत्त्या आणि तबल्याची किनार त्यात टोचते. सिनेमा बघणाऱ्याला आवडेल, माझ्यासारखीला नाही. ५६० एसचेही वरचे स्वर थोडे उघडे आहेत, ते खरं. त्यामुळं मी चांगल्या ध्वनिमुद्रणालाच तो लावते.

आणखी एक, बायकांसाठी. कुड्या काढाव्या लागतात. गादी कानाभोवती बसायला हवी, आणि कुडी मध्ये आली की अर्ध्या तासात कानाची पाळी दुखायला लागते. अंबाडा मानेच्या वर असेल तर पट्टी नीट बसत नाही, मी वेणी घालून बसते. चष्म्याच्या दांडीपाशी गादी उचलली जाते. ओपन-बॅकला त्यानं फार बिघडत नाही, पण कानशील दुखतं. माझ्या हेडफोनची पकड पहिल्या दिवशी करकचून होती. आठवडाभर रात्री पुस्तकांच्या गठ्ठ्यावर चढवून ठेवला, मग सैल झाला. वायर ३ मीटरची, टोकाला जाड ६.३ मिलिमीटरची पिन, डोंगलला लावायला सोबतचा जोड घालावा लागतो. टेबलापाशी बसून ऐकणाऱ्याला ठीक, घरभर फिरणाऱ्याला अडकते. हातातल्या काकणांवर वायर घासली तर तेही कानात वाजतं, म्हणून मी ती ओटीत घेऊन बसते.

राजारामपुरीत आणि शाहूपुरीत मी दुकानं फिरले, ओपन-बॅक कानाला लावून बघायला मला कुठंच मिळाला नाही. न ऐकता पंधरा हजार घालणं मला पटत नाही. ज्याच्याकडं असेल त्याच्या घरी जा, आपली चार गाणी घेऊन जा, पाठ असलेली, आणि निदान पाऊण तास डोक्यावर ठेवा. पहिल्या पाच मिनिटांत सगळेच भारी वाटतात.

भाच्या, तू हे वाचशील. रविवारी पहाटे ये. साडेचारला दार उघडं असेल. तुझी गाणी आण, माझी लावणार नाही. गाद्या मागच्याच आठवड्यात नव्या घातल्यात. आजी उठली तर तिला चहा करून दे, तोवर मी दूध घेऊन येते.