हमी कुणाची, कुणासाठी

आमच्या सांगलीच्या घरात आखाताच्या प्रश्नावर दोन पक्ष आहेत. थोरले काका कामगार चळवळीत वाढलेले. त्यांच्या लेखी अमेरिका तेलासाठी आग लावते आणि मग विझवायला स्वतःच येते. धाकटा भाऊ म्हणतो, दंडुका घेऊन कुणीतरी उभं राहायलाच हवं, नाहीतर इराणने होर्मुझच्या सामुद्रधुनीतली तेलाची वाट कधीच अडवली असती. 22 जून 2025 ला अमेरिकेने इराणच्या फोर्दो, नतान्झ आणि इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले, त्या दिवशी घरच्या ग्रुपवर दोघे रात्रीपर्यंत भांडत होते.

मी कतारमध्ये, दोह्यात राहतो, बारा वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इराणने इथल्या अल् उदैद तळावर क्षेपणास्त्रं सोडली. पश्चिम आशियातला अमेरिकेचा हा सर्वांत मोठा तळ. आमच्या खिडक्या हादरल्या. बायकोने मुलांना बाथरूममध्ये नेऊन बसवलं, कारण बिनखिडकीची जागा घरात तेवढीच. विमानतळ बंद, आकाश बंद. ग्रुपवर पहिला प्रश्न आला तो भावाचा: ‘आता अमेरिका काय करणार?’ काकांचं उत्तर त्याच्या खालोखाल. आम्ही कसे आहोत हे आईने विचारलं, पण फोन करून.

मला त्याचं फार वाईट वाटलं. दोघांचाही माझ्यावर जीव आहे. पण या वादात आखात म्हणजे नकाशावरचा पट, आणि पटावर राहणारी माणसं कुणाच्याच हिशेबात नाहीत. अमेरिकेच्या धोरणातही ती नाहीत.

हे धोरण लपून राहिलेलं नाही. 14 फेब्रुवारी 1945 ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट सुएझच्या वाटेवरच्या ग्रेट बिटर लेकमध्ये ‘क्विन्सी’ या युद्धनौकेवर सौदीच्या राजाला भेटले, तेव्हापासूनची ही नाती. जानेवारी 1980 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी ते जाहीरच केलं: आखातावर ताबा मिळवण्याचा बाहेरच्या शक्तीचा प्रयत्न हा अमेरिकेच्या हितांवरचा हल्ला मानू आणि गरज पडली तर लष्कराने परतवू. इराण-इराक युद्धात 1987 साली कुवेतच्या 11 तेलवाहू जहाजांवर अमेरिकेने आपला झेंडा चढवला आणि त्यांना संरक्षण दिलं. वर्षभरात, 3 जुलै 1988 ला, त्याच पाण्यातल्या ‘व्हिन्सेन्स’ या अमेरिकी युद्धनौकेने बंदर अब्बासहून दुबईला निघालेलं इराणचं प्रवासी विमान पाडलं. 290 माणसं गेली, त्यात 66 मुलं. दहा जण भारतीय होते. 1996 मध्ये अमेरिकेने भरपाईचा समझोता केला, पण चूक मान्य केली नाही. सांगलीत हे विमान कुणाला आठवत नाही, काकांनाही नाही. त्यांना अमेरिकेने 1953 मध्ये इराणचे पंतप्रधान मोसादेग यांचं सरकार उलथवणं तारीखवार पाठ आहे.

माझे मामा 1990 साली कुवेतमध्ये फिटर होते. 2 ऑगस्टला सद्दामचं सैन्य शिरलं. मामा बसने बगदादमार्गे अम्मानला पोचले आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. असे सुमारे 1 लाख 70 हजार भारतीय परत आले. पुढे अमेरिकेने कुवेत सोडवलं, हे खरंच आहे, आणि कुवेती लोक त्याची जाण ठेवतात. पण मामांना आणायला आपलीच विमानं जावी लागली.

काकांना मी एक गोष्ट पटवू शकलेलो नाही. अमेरिकेला इथे कुणी जबरदस्तीने घुसवलेलं नाही. शेजारचं श्रीमंत कुवेत दोन दिवसांत गिळलं गेलेलं या छोट्या देशांनी पाहिलं आणि दारं उघडली. अल् उदैदवर कतारने स्वतःचे अब्जावधी डॉलर ओतले. 1971 पर्यंत इथली राखण ब्रिटनकडे होती. त्याही आधी, 1873 पर्यंत, आखाताचा ब्रिटिश कारभार मुंबई सरकारच्या हाताखाली होता, आणि कतारमध्ये 1966 पर्यंत व्यवहार चालायचा तो रुपयातच. राखणदार बदलत गेले. राखणदार हवाच, ही इथली समजूत जुनी आहे.

पण राखणदार काय राखतो, हे 2017 च्या रमजानमध्ये दिसलं. 5 जूनला सौदी, अमिराती, बहरीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडले. जमिनीवरची एकमेव सीमा बंद झाली. सौदीहून येणारं दूध संपलं, दुकानांतली फडताळं रिकामी झाली. अमेरिकेचे हजारो सैनिक याच देशात असताना ट्रम्प यांनी ट्विटरवर कोंडी करणाऱ्यांची बाजू घेतली. आठवडाभराने त्यांच्याच संरक्षणमंत्र्यांनी कतारशी एफ-15 विमानांचा सुमारे 12 अब्ज डॉलरचा करार केला. दूध तुर्कस्तानातून आलं. न्हावाशेवा आणि मुंद्र्याहून थेट जहाजं सुरू झाली. आमच्या साइटवर दुबईचं सामान अडकलं आणि एका उपकंत्राटदाराच्या कामगारांचे पगार दोन महिने लांबले. त्यात कोकणातली मुलंही होती. कतारचा नैसर्गिक वायू मात्र एक दिवसही थांबला नाही. कोंडी करणाऱ्या अमिरातीलासुद्धा पाइपलाइनमधून जात राहिला.

2025 च्या गणपतीत सांगलीला गेलो. काकांनी तळ घरापासून किती लांब आहे ते विचारलं, मला बरं वाटलं. परतलो आणि 9 सप्टेंबरला दुपारी इस्राएलने दोह्यातच, वस्तीत, हमासच्या नेत्यांवर बॉम्ब टाकले. कतारचा एक सुरक्षारक्षकही मेला. अमेरिकेचा इशारा मिळाला तो स्फोट सुरू झाल्यावर, असं कतारने सांगितलं. महिनाअखेर ट्रम्प यांनी हुकूम काढला की कतारवरचा हल्ला हा अमेरिकेच्या सुरक्षेला धोका समजला जाईल. भावाने लगेच कळवलं, ‘आता लेखी मिळालं, निर्धास्त राहा.’

हुकूम राष्ट्राध्यक्षांचा आहे, सिनेटने मान्य केलेला करार नव्हे. पुढचा राष्ट्राध्यक्ष तो सहीसरशी मागे घेऊ शकतो. मी त्याला एवढंच लिहिलं.

मला वाटतं, आपण अमेरिकेच्या बाजूने की विरुद्ध हा वाद थोडा बाजूला ठेवावा. आखाताच्या सहा देशांत सुमारे 90 लाख भारतीय आहेत. आपल्या घरगुती गॅसचा निम्म्याहून जास्त भाग आयात होतो आणि त्यातला बहुतेक होर्मुझमधून. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूरचे भूमिगत साठे पूर्ण भरले तरी तेल साडेनऊ दिवसांच्या गरजेपुरतं. 2019 मध्ये वॉशिंग्टनने इराणवरच्या निर्बंधांतून आपल्याला दिलेली सवलत संपवली आणि आपण इराणचं तेल घेणं थांबवलं. त्याची किंमत काय, यावर घरी बोलणं झालं नाही. 1990 सारखी वेळ आली तर पावणेदोन लाखांऐवजी किती माणसं, कुठल्या बंदरातून, कुणाच्या खर्चाने? आकाश बंद असेल तर काय? लेबर कॅम्पमधल्या ज्या मुलाचा पासपोर्ट मालकाकडे आहे, त्याची नोंद कुणाकडे?

दिवाळीत हेच प्रश्न मी ग्रुपवर टाकले. काका आणि भाऊ दोघांनीही वाचले. संध्याकाळी काकांचा फोन आला. त्यांनी विचारलं, ‘त्या कोकणातल्या पोरांचे पगार नंतर मिळाले का रे?’