चर्चगेट कसं व्हावं

फोर्टातलं सेंट थॉमस कथीड्रल 1718 साली उपासनेसाठी खुलं झालं. किल्ल्याच्या तटाला त्या बाजूनं जो दरवाजा होता, तो चर्चगेट. पुढे 1860 च्या दशकात इंग्रजांनी तट पाडला, दरवाजा गेला, आणि नाव तेवढं स्टेशनाला चिकटून राहिलं. तेव्हापासून मुंबईत चर्चला गेट म्हणून उरलं नाही; कुणीही उठतो आणि आत येतो. ही गैरसोय दूर करायची तर महापालिकेच्या भरवशावर राहू नका. तुम्ही स्वतःच गेट व्हा. मी गेली वीस वर्षं आहे.

पहिलं काम जागेचं. पुढच्या बाकावर बसू नये, तिथून नुसता क्रूस दिसतो. मागून तिसरा बाक, मधल्या वाटेकडचा कोपरा, हा उत्तम. येणारा प्रत्येक जण, त्याचे कपडे, त्याच्या हातातलं बायबल (की हल्ली मोबाइल!) सगळं नीट नजरेखालून जातं. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. बदलापूरहून दोन लेकरं घेऊन निघालेली बाई साडेनऊच्या उपासनेला दहाला दारात उभी राहते. अशा वेळी तिच्याकडे बघू नका. घड्याळाकडे बघा. तिला कळतं. आता, तुम्ही स्वतः चर्चपासून चालत पाच मिनिटांवर राहता आणि नऊ चाळीसला आलात, हे खरं. पण तुमची गोष्ट निराळी, तुमच्याकडे पाणी उशिरा आलं होतं.

दुसरं, चहाडी करू नका. चहाडी पाप आहे. प्रार्थना करा. घरसभेत डोळे मिटून, आवाज थोडा कापरा ठेवून म्हणावं, ‘हे प्रभू, त्या कुटुंबावर तुझा हात असू दे. त्यांचा थोरला रात्री किती वाजता घरी येतो आणि कुणाच्या बाइकवरून येतो, हे तुला ठाऊक आहे.’ देवाला ठाऊक असतंच. बाकीच्या अकरा जणांना नसतं, त्यांची सोय होते. आमेननंतर चहा येईपर्यंत विषय पिकलेला असतो. व्हॉट्सअॅपवर लिहायचं झालं तर नाव मुळीच घेऊ नये. ‘एका बहिणीसाठी प्रार्थना करा. नाव सांगत नाही. विक्रोळीला राहते, दिवाळीपासून नोकरी नाही, नवऱ्याचं तर आपल्याला माहीतच आहे.’ खाली जोडलेले हात. इतकं झाकलेलं बरं असतं.

नवीन माणूस आला की ‘जय ख्रिस्त’ म्हणून हात मिळवावा आणि तो सोडायच्या आत विचारावं, ‘मूळचे कुठले?’ गाव सांगितलं की आडनाव विचारावं. दोन्ही कळली की ख्रिस्तात सगळे एक आहेत हे मान्य करायला आपल्याला किती मोठं मन करावं लागणार, याचा अंदाज येतो. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा याच मुंबईत झाला, 1895 साली. त्यापायी घर दुभंगलं, पत्नी लक्ष्मीबाईसुद्धा काही वर्षं वेगळ्या राहिल्या. त्यांची भजनं आपण डोळ्यांत पाणी आणून म्हणतो आणि म्हणता म्हणता बाकावर जरा सरकून बसतो, शेजारच्याचा धक्का लागायला नको म्हणून.

आता अडचणीची वचनं. बायबलातल्या मत्तयाचा सातवा अध्याय कुणीतरी काढणारच: भावाच्या डोळ्यातलं कुसळ बघतोस, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. मूळ ग्रीकात तिथं घराची तुळई आहे, आपल्याकडे तिचं मुसळ झालं आणि कुसळाशी झकास जुळलं. जुळलेलं पाठ होतं, आणि पाठ झालेलं बोचत नाही. तरी कुणी बोट दाखवलंच तर सरळ विचारा, मुंबईच्या वन रूम किचनमध्ये मुसळ ठेवायला जागा आहे का कुणाकडे? आमच्याकडे मिक्सर आहे. वचन आम्हाला लागू नाही.

अठरावा अध्याय मात्र हिशेबाचा आहे, आणि हिशेब मला आवडतो. शिष्य पेत्र येशूला विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? उत्तर येतं, साताच्या सत्तर वेळा. म्हणजे 490. आमच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांचे 487 भरलेत. डायरीत तारखेसकट आहेत. तीन उरलेत, मी वाट बघतोय. त्याच अध्यायात धन्यानं चाकराला 10,000 तलांत माफ केले. एक तलांत म्हणजे साधारण 6,000 दीनार, आणि दीनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. करा गुणाकार: सहा कोटी दिवसांची मजुरी. तो चाकर बाहेर पडला आणि 100 दीनार देणं लागणाऱ्या सोबत्याची त्यानं मानगूट धरली. आमचे पाळकसाहेब दर वेळी या चाकराला नावं ठेवतात. मला विचाराल तर माणूस व्यवहारी होता. माफ झाले ते कागदावरचे. हे 100 म्हणजे सव्वातीन महिन्यांचा रोख पगार. मुंबईत कोण सोडतो?

इतकं सगळं नीट केलं तरी काही माणसं तुमचं काम बिघडवतात. त्यांच्यापासून जपा. गेल्या महिन्यात प्रभुभोजनाच्या रविवारी एक जण आला. दाढी वाढलेली, रात्रीचा वास अजून अंगाला. मी बॅग बाकावर ठेवून जागा अडवली, पुढच्यांनीही अडवली. तो खांबाशी उभा राहिला. तेवढ्यात आमच्या एक मावशी, वय सत्तरीच्या पुढचं, गुडघे धरून उठल्या, त्याला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं आणि गीतांचं पुस्तक उघडून त्याच्या हातात दिलं. त्यानं पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. मावशींनी आपला चष्मा काढला, पदरानं पुसला आणि त्याला दिला.

मग त्या पुस्तकाशिवाय, चष्म्याशिवाय गायल्या. तिसऱ्या कडव्यात चुकल्या. मी तारखेसकट लिहून ठेवलंय.