‘नुसती नर्सच तर होती’: काकांच्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या रविवारी सकाळी कोथरूडच्या काकांनी घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. ‘परदेशातील ट्रॅव्हल क्लिनिकचा भांडाफोड’ असं शीर्षक, मागेपुढे लाल दिवे. दुपारपर्यंत तोच मेसेज इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या मराठी मंडळींच्या दोन ग्रुपांवरून परत माझ्याकडे आला. एरवी मी असलं काही वाचत नाही. पण संध्याकाळी वहिनीचा फोन आला, “अगं, मग मुलांना मलेरियाच्या गोळ्या नकोच देऊ का?” विमान चार दिवसांवर आलेलं आणि गोळ्या आणून ड्रॉवरमध्ये ठेवलेल्या. तेव्हा बसले आणि शेवटपर्यंत वाचला.

ज्यांच्याकडे तो अजून पोचलेला नाही (नशीबवान आहात), त्यांच्यासाठी सारांश. ट्रॅव्हल क्लिनिकमध्ये (परदेशी जाण्याआधी सल्ला आणि लशी देतात तिथे) डॉक्टर नसतोच, एक नर्स बसवलेली असते आणि तिला औषध देण्याचा अधिकार नसतो. बिल वाढवायला ती नको त्या चौकशा करते, खरं तर यलो फिव्हरची लस सगळ्यांना सारखीच असते, कोणीही टोचली तरी चालते. ही लस दर दहा वर्षांनी पुन्हा घ्यायला लावतात. भारतीयांच्या रक्तात मलेरियाची प्रतिकारशक्ती असते, तेव्हा होमिओपॅथीचे थेंब पुरतात. आणि स्वतःच्या गावी जाताना लशी घेणं हा तर निव्वळ मूर्खपणा. खाली काकांची स्वतःची एक ओळ: “त्या नर्सचं ऐकून दादाची आफ्रिका बुडवलीत.”

दादा म्हणजे माझे बाबा. त्या ओळीपासूनच सुरू करते, कारण लस सगळ्यांना सारखी आणि चौकशा फालतू, हा त्या मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा आहे.

बेत असा होता. बाबा साताऱ्याहून एप्रिलमध्ये इकडे आलेले. शाळांना सुट्टी लागली की भाऊ, वहिनी, दोन मुलं आणि बाबा असे सगळे केनियाला मसाई मारा बघणार, तिथून नैरोबी-मुंबई विमानानं गणपतीला घरी. केनिया यलो फिव्हरच्या देशांत मोडतो. भारतात हा आजार नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घरोघरी आहे, त्यामुळे अशा देशातून येणाऱ्याकडे लशीचं प्रमाणपत्र नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करतात. भावाला हे माहीतच नव्हतं. इंग्लंडहून केनियाला जायला ते प्रमाणपत्राचं कार्ड मागत नाहीत, म्हणून तो निवांत होता. पुढे मुंबईला उतरणार आहात ना, मग कार्ड लागेल, हे त्याला त्या ‘नुसत्या’ नर्सनंच सांगितलं.

बाबांबरोबर त्या दिवशी मी गेले होते. छोटी खोली, भिंतीवर जगाचा नकाशा, कोपऱ्यात वजनकाटा. पन्नाशीची बाई, निळा युनिफॉर्म. बाबा खुर्चीत बसले आणि हळूच मला मराठीत म्हणाले, “डॉक्टर कधी येणार?” मी म्हटलं, याच बघणार आहेत. बाबांनी शर्टाची बाही वर केली, म्हणजे लवकर टोचा आणि सोडा.

तिनं सुईला हातही लावला नाही. प्रश्न सुरू झाले. वय? अडुसष्ट. अंड्याची ॲलर्जी? नाही. स्टेरॉइड्स? नाही. आजवर काही मोठं ऑपरेशन? बाबा म्हणाले, हो, छातीचं, पंचवीसेक वर्षं झाली, पुण्यात. बायपास का? नाही, हृदयाला काही नव्हतं. मग कशाचं? बाबांनी बोटानं डावा डोळा दाखवला आणि मला म्हणाले, “सांग त्यांना, पापणी पडायची. संध्याकाळ झाली की डोळा उघडायचाच नाही. मग छाती उघडून एक गाठ काढली.”

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. डोळ्याच्या पापणीसाठी छाती का उघडली, हे आमच्या घरात कोणाला कधी नीट कळलेलंच नव्हतं. तिला मात्र लगेच कळलं. पेन खाली ठेवून तिनं विचारलं, मायस्थेनिया असं काही नाव सांगितलं होतं का? बाबा चमकले. हो, हाच शब्द.

मायस्थेनिया म्हणजे स्नायू लवकर थकून दुबळे पडण्याचा आजार. त्याच्या काही रुग्णांत छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत गाठ होते आणि ती ग्रंथी काढावी लागते. यलो फिव्हरची लस मेलेल्या विषाणूची नाही, ती दुबळ्या केलेल्या जिवंत विषाणूची आहे. धडधाकट माणसात तो विषाणू थोडा वाढतो, शरीर त्याला ओळखतं आणि संरक्षण तयार होतं. फार क्वचित तो आवरत नाही, यकृत-मूत्रपिंडं निकामी होतात आणि प्रत्यक्ष यलो फिव्हर झाल्यासारखंच चित्र दिसतं. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध आला. लशीनंतर असं झालेल्या जगभरातल्या 23 जणांची माहिती त्यात तपासली होती. त्यातल्या चौघांना पूर्वी थायमसचा आजार झालेला होता. थायमसचा आजार मुळातच किती दुर्मीळ, आणि 23 मध्ये चार! तेव्हापासून थायमसचा आजार झालेल्यांना किंवा ती ग्रंथी काढलेल्यांना ही लस द्यायची नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

शिवाय वय. साठीनंतर हा धोका वाढतो. मार्टिन गोर हे इंग्लंडमधले नावाजलेले कर्करोगतज्ज्ञ, जानेवारी 2019 मध्ये 67व्या वर्षी ही लस घेतल्यानंतर लगेचच गेले. त्यानंतर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इथल्या औषध नियंत्रकांनी नियम आणखी कडक केले: आधी तपासणीची यादी, मग लस. साठीपुढच्यांना तर यलो फिव्हर होण्याचा धोका खरोखर मोठा आणि न टाळता येणारा असेल तरच. मेसेजमध्ये ज्यांना ‘नको त्या चौकशा’ म्हटलंय, ती ही यादी.

तर काका, आफ्रिका बुडाली हे खरं. बाबा आता थेट मुंबईला येतायत. सिंह त्यांना भाऊ व्हिडिओ कॉलवर दाखवेल. तुमच्या मेसेजप्रमाणे ‘कोणीही’ टोचली असती तर काय झालं असतं, ते मी इथे लिहीत नाही.

आता डॉक्टर नाही, नर्स आहे, याबद्दल. आपल्याकडे ‘सिस्टर’ म्हणजे डॉक्टर सांगेल ते करणारी, हे डोक्यात पक्कं बसलंय. माझ्याही होतं, उगाच शहाणपणा कशाला दाखवू. ब्रिटनमध्ये प्रवासाआधीचा सल्ला आणि लशी हे काम बहुतेक ठिकाणी नर्सच करतात, आणि ते काही डॉक्टर मिळेना म्हणून नाही. औषधाचा अधिकार म्हणाल तर 2006 पासून इथे वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या नर्सला जवळपास सगळी औषधं स्वतःच्या सहीनं लिहून देता येतात. ते प्रशिक्षण नसेल तर डॉक्टर आणि फार्मासिस्टनं सही केलेल्या लेखी सूचनेप्रमाणे, ठरलेल्या लोकांना ठरलेली लस देता येते. बेकायदा काही नाही.

मेसेजमध्ये एक वाक्य आहे, “जगात कुठेही नर्स डॉक्टरच्या वर नसते.” ग्लासगोचं रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ही 1599 सालची संस्था. शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीची. 2006 मध्ये तिथे ट्रॅव्हल मेडिसिनची, म्हणजे प्रवाशांच्या आरोग्याची, स्वतंत्र फॅकल्टी (शाखा) निघाली, आणि जेन किओडिनी नावाच्या नर्स त्या फॅकल्टीच्या डीन झाल्या. डीन म्हटलं की आपल्याला ससूनचे नाहीतर केईएमचे डीन आठवतात. त्या खुर्चीत एक सिस्टर बसल्यात अशी कल्पना करून बघा, म्हणजे ही गोष्ट केवढी आहे ते कळेल. फॅकल्टीत डॉक्टरही होतेच, त्यांच्यासकट सगळ्यांच्या डीन. 1991 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ट्रॅव्हल मेडिसिन सोसायटीच्या अध्यक्षपदीही फिओना जेनासी ही नर्स बसली होती. याच सोसायटीची जी प्रमाणपत्र परीक्षा 2003 पासून होते, तिचा पेपर डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट सगळ्यांना एकच. नर्स म्हणून सोपा पेपर मिळत नाही.

या क्षेत्रात नर्स पुढे का आल्या, याचं कारण मला तरी त्या खोलीत दिसलं. यात निदान करायचं नसतं, समोरचा माणूस आजारी नसतो. त्याच्याकडून माहिती काढून घ्यायची असते. कुठे जाणार, कोणत्या मार्गानं, रात्री कुठे झोपणार, घरात कोण गरोदर आहे, कोण कसल्या गोळ्या घेतं आणि सांगत नाही. ‘पापणी पडायची’ हे वाक्य बाबांनी आजवर एकाही डॉक्टरपुढे उच्चारलं नसेल, कारण तेवढा वेळ कोणी थांबलंच नाही.

एक मान्य करते, नाइलाजानं. लुटालूट होते. काही खासगी क्लिनिकं लांबलचक यादी हातात ठेवतात आणि चार दिवसांच्या हॉटेलमुक्कामासाठी जपानी मेंदूज्वराची लस गळ्यात मारतात. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए या लशी इथे एनएचएसवर, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, फुकट मिळतात, तरी त्यांचे पैसे मोजून आलेले लोक मला माहीत आहेत. आणि सगळ्याच नर्स तयारीच्या असतात असंही नाही. प्रवासाचा सल्ला द्यायला ब्रिटनमध्ये कसली सक्तीची पदवी लागत नाही. ज्या केंद्रांत यलो फिव्हरची लस देतात, तिथे मात्र प्रशिक्षण लागतंच. ही तक्रार सगळ्यात जोरानं केली ती नर्सनीच. कोणत्या पायरीच्या नर्सला काय यायला हवं, याचं मार्गदर्शक पुस्तक त्यांच्याच रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगनं काढलंय. 2018 ची आवृत्ती होती, 2023 मध्ये नवी आली. क्लिनिकमध्ये गेलात तर बिनधास्त विचारा, तुमचं या विषयातलं प्रशिक्षण काय? चांगली नर्स रागावत नाही.

दर दहा वर्षांनी लस, हा मुद्दा तर शिळा झालाय. 11 जुलै 2016 पासून यलो फिव्हरचं प्रमाणपत्र जन्मभर चालतं, आंतरराष्ट्रीय नियमच बदलला. जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी चालतं, त्यावर खाडाखोड करायची गरज नाही. भावानं 2009 मध्ये नायजेरियाच्या कामासाठी मुंबईत लस घेतली होती. तो पाकीट काढून पुन्हा टोचून घ्यायला तयार होता. नर्सनं त्याचं जुनं पिवळं कार्ड बघितलं आणि सांगितलं, तुम्हाला गरज नाही. चांगले पैसे मिळत असताना! लुटालूट करणारे असं करतात? मुलांनी आणि वहिनीनं मात्र वेळेत घेतली, कारण प्रमाणपत्र लशीनंतर दहा दिवसांनी लागू होतं.

वहिनीसाठी आता मलेरिया. रक्तातल्या प्रतिकारशक्तीत इतपत तथ्य आहे की वर्षानुवर्षं सतत मलेरिया होणाऱ्या भागात राहिलं तर थोडी तग धरण्याची ताकद येते. तो भाग सोडला की ती ओसरते. सातारा-पुण्यात वाढलेल्या तुला ती मुळात होतीच कशावरून? आणि इथे इंग्लंडात, रेडिंगच्या हॉस्पिटलात जन्मलेल्या पोरांच्या रक्तात ती कुठून येणार, आधार कार्डातून? केनियात मुख्यतः फाल्सिपेरम मलेरिया असतो, माणसं मारणारा. 2023 मध्ये ब्रिटनमध्ये बाहेरून आलेल्या मलेरियाचे रुग्ण वीस वर्षांत पहिल्यांदा दोन हजारांच्या वर गेले. यात मोठा वाटा आपल्या मूळ देशात नातेवाइकांना भेटून आलेल्यांचा असतो. “आम्ही तिथलेच, आम्हाला काही होत नाही” म्हणणाऱ्यांचा.

थेंबांबद्दल फार लिहीत नाही. 2006 मध्ये बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’नं लपून चित्रीकरण करून दाखवलं होतं, की काही होमिओपॅथ आफ्रिकेला जाणाऱ्यांना मलेरियासाठी असले थेंब देतात. त्यावर इथे गदारोळ झाला होता. एकोणीस-वीस वर्षं जुनं खूळ मराठीत आत्ता पोचलंय, एवढंच.

गोळ्या किती द्यायच्या हे त्या नर्सनं अंदाजानं सांगितलेलं नाही. धाकट्याला बूट आणि जाकीट काढायला लावून काट्यावर उभं केलं होतं, आठवतं ना? या गोळ्या लहान मुलांना वजनावर देतात, वयावर नाही. निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायच्या, रोज एक वेळ ठरवून, जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर, आणि केनिया सोडल्यावरही सात दिवस. म्हणजे मुंबईत उतरून मोदक खातानाही गोळी चालूच. तिथे आजी म्हणेल, आता कशाला? तेव्हाही द्यायची.

गावी जाताना लस नको म्हणणाऱ्यांना एकच सांगते. इंग्लंडात टायफॉइडचे जे रुग्ण सापडतात, त्यातले बहुतेक भारत-पाकिस्तानात जाऊन आलेले असतात. आजोळचं पाणी प्रेमाचं असतं, उकळलेलं असतंच असं नाही. आणि कुत्र्याचं नख जरी लागलं तरी साबणानं धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनला जायचं. ‘बघू’ म्हणायचं नाही.

वहिनी, मंगळवारपासून सुरू कर. धाकट्यानं तोंड वाकडं केलं तर गोळी कुस्करून जॅममध्ये दे, नर्सनंच सांगितलंय.

आणि काका, बाबा शनिवारी पहाटे मुंबईत उतरतायत, दुपारपर्यंत तुमच्याकडे. त्यांच्या त्या ऑपरेशनची फाइल तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत असेल असं ते म्हणतात. सापडली तर डिस्चार्ज कार्डाचा फोटो मला पाठवा. नर्सनं मागितलाय, बाबांच्या इथल्या नोंदीत घालायचाय.